दुसरी सही

विमान पडल्याची बातमी आली की आमच्या बागेतल्या बाकावर पाच मिनिटांत चौकशी पूर्ण होते. बाक डोंबिवली पूर्वेला, एका सोसायटीच्या बागेत. बसणारे आम्ही चौघे, सगळे निवृत्त. एक बँकेतले, एक शाळेतले, एक एमआयडीसीतल्या केमिकलच्या कारखान्यातले आणि मी. गेल्या खेपेला टीव्हीवर धुराचा लोट दिसतोय न दिसतोय तोच केमिकलवाल्यांनी निकाल दिला, "पायलटची चूक. दुसरं काय असणार?" यांच्या कारखान्यात एकदा व्हॉल्व्ह उडाला होता तेव्हा हेच गृहस्थ महिनाभर 'नेमकं कारण कळायला वेळ लागतो हो' असं सांगत फिरत होते. मेलेला माणूस मात्र यांना लगेच सापडतो, कारण तो उलट बोलत नाही.

माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला, ते म्हणाले अहो चिडता काय, आम्ही आपलं सहज बोललो. मी उठून घरी आलो. बायकोने विचारलं, आज कोणाशी भांडलात. मी म्हटलं, विमानाशी. ती हसली आणि भाजी निवडायला लागली. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण मी या एका विषयावर इतका का पेटतो हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मी नौदलात होतो. जहाजावर नाही, नौदलाच्या विमानांवर. नौदलाला विमानं कशाला लागतात, हा प्रश्न मला नातेवाइकांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालेला आहे आणि उत्तर देऊन देऊन माझं तोंड दुखलंय. समुद्रावर नजर ठेवायला, बुडणाऱ्याला उचलायला, जहाजावर माणसं पोचवायला लागतात. ती उडवणारे वेगळे, जमिनीवर राखणारे वेगळे. मी राखणाऱ्यांतला, मेकॅनिक.

मागच्या वर्षी ठाण्यात आमच्या माजी नौसैनिकांचा मेळावा ठरला आणि त्यानिमित्ताने एक स्मरणिका काढायची टूम निघाली. संपादक झाला माझा जुना जोडीदार. तो कल्याणचा, नोकरीत मला दोन वर्षांनी सीनियर, एकाच हँगरमध्ये आम्ही सहा वर्षं खांद्याला खांदा लावून काढली. त्याने फोन केला. "अरे, तुला सगळं आठवतं. अपघातांचा इतिहास लिही ना आपल्या हवाई शाखेचा. लोक वाचतात असलं." मी म्हटलं, इतिहास मोठे लोक लिहितात, मी मला आठवतं ते लिहीन. तो म्हणाला, "तेच रे. तेच लिही."

मी लिहायला बसलो. अपघातांबद्दल जे छापून येतं ते बहुतेक वरून पाहिलेलं असतं. किती उंचीवर होतं, ढग होते की नव्हते, वैमानिकाचे शेवटचे शब्द काय. आम्ही खाली असायचो, आम्हाला आठवतं ते वेगळंच. धावपट्टीपलीकडे गावाने कचरा टाकायला सुरुवात केली आणि घारी जमल्या, त्यातली एक इंजिनात गेली, ते मी लिहिलं. चाकं न उघडता पोटावर उतरलेलं विमान लिहिलं. त्यातून उतरलेला अधिकारी थरथरत आम्हा प्रत्येकाला मिठी मारत सुटला होता आणि आमचे कपडे ग्रीसने भरलेले आहेत याचं त्याला भान नव्हतं. जहाजाच्या कडेवरून घसरून समुद्रात गेलेलं विमान लिहिलं. त्यानंतर दोन दिवस मेसमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पत्ते सुरू झाले.

आणि हेही लिहिलं, की अपघाताची घंटा झाली की आम्ही आधी काय करायचो. आधी हत्यारं मोजायचो. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हरची आकृती रंगवलेली असते, हत्यार जागेवर नसलं की ती रिकामी आकृती दिसते, म्हणजे ते विमानात विसरलं गेलेलं असू शकतं. सगळे धावत त्या फळीकडे. माणसं वाचली की नाही हे कळायच्या आधी प्रत्येक जण आपापली आकृती भरलेली आहे ना ते बघायचा. मीसुद्धा बघायचो. मनात एकच, माझं नको. याची लाज वाटते, पण हे खरं आहे.

इथपर्यंत लेख सरळ आला. मग ते हेलिकॉप्टर आलं आणि मी चार दिवस कागदाला हात लावला नाही.

आमच्या कामात एक नियम होता, आजही असेल. विमानाचं वळणं, चढणं, उतरणं ज्या दांड्यांवर आणि तारांवर चालतं, त्यांना हात लागला की लॉगबुकमध्ये दोन सह्या. पहिली काम करणाऱ्याची. दुसरी, ज्याने त्या कामाला बोटही लावलेलं नाही अशा माणसाची. दुसऱ्याने शिडीवर चढायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं आणि मगच सही करायची. शहाण्या माणसांनी केलेला नियम होता. आम्ही त्याचं काय केलं ते सांगतो.

त्या तळावर अधिकारी सोडले तर ठाणे जिल्ह्यातले आम्ही तिघेच होतो. मी, कल्याणचा हा जोडीदार आणि कल्याणपलीकडच्या खाडीकाठच्या एका गावातला एक बावीस वर्षांचा पोरगा. तो हेलिकॉप्टरमधून दोर खाली सोडून माणसं उचलण्याच्या कामावर होता. सुट्टीवरून येताना आईने दिलेले सुके बोंबील आणायचा आणि आम्ही तिघे स्टोव्हवर भाजून खायचो. गाववाले म्हणजे घरचेच. घरच्या माणसाचं काम तपासायला शिडी लावायची म्हणजे त्याच्या तोंडावर 'माझा तुझ्यावर भरवसा नाही' म्हणण्यासारखं. एकदा नवीन असताना मी जोडीदाराने बसवलेला नट चढून चाचपला होता तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. "माझं काम तपासतो काय रे? बाहेरचा समजला काय मला?" त्यानंतर आमची पद्धत पडून गेली. त्याने काम करायचं, मी खालून विचारायचं, झालं का. तो म्हणायचा, झालं. मी सही करायचो. माझ्या कामावर तो तशीच करायचा. दुसऱ्या हँगरमधल्या दुसऱ्या जिल्ह्यांच्या, दुसऱ्या राज्यांच्या लोकांचंही तसंच चालायचं. नियम भरवसा ठेवू नका म्हणून केलेला आणि आम्ही तो भरवशावर चालवला.

त्या दिवशी हेलिकॉप्टरच्या शेपटीकडच्या छोट्या पंख्याची एक दांडी बदलली होती. काम जोडीदाराने केलं. त्या जागी एक बोल्ट असतो, त्यावर नट, आणि नट सुटू नये म्हणून त्याच्या भोकातून आरपार घालून पाय दुमडायची एक पिन. करंगळीएवढी. पिन नसली तर नट थरथरीने हळूहळू फिरत फिरत निघतो, मग बोल्ट निघतो, मग शेपूट ताब्यात राहत नाही आणि हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगर फिरायला लागतं. शिडी कोणीतरी दुसऱ्या विमानाकडे नेली होती. जोडीदार चिंधीने हात पुसत होता. मी लॉगबुक काखेत घेऊन उभा होतो.

"लावली का?"

"लावली."

मी सही केली. शिडी चाळीस पावलांवर होती.

मग वैमानिक आला. तोही आमच्याकडचा, ठाण्याचा. अधिकारी होता, पण आजूबाजूला दुसरा अधिकारी नसला की आमच्याशी मराठीत बोलायचा. "काय मंडळी, सगळं ठीक?" त्याने लॉगबुक घेतलं. वैमानिक दोन सह्या आहेत ना ते बघतो आणि खाली आपली करतो. माझ्या सहीखाली त्याने सही केली. बोंबील आणणारा पोरगा मागच्या दारातून चढला. समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर काहीतरी पोचवून परत यायचं होतं, फार तर पाऊण तासाचं काम. त्या दिवशी आत ते दोघेच होते.

ते परत आले नाहीत. दोघांचे देह मिळाले, हेलिकॉप्टरचा पुढचा भाग मिळाला. शेपूट मिळालं नाही. आम्ही फळीकडे धावलो, सगळ्या आकृत्या भरलेल्या होत्या.

चौकशी मंडळासमोर मला उभं केलं. टेबलामागे तीन अधिकारी. लॉगबुक त्यांच्यासमोर उघडं.

"दुसरी सही तुमची?"

"होय सर."

"पिन तुम्ही स्वतः पाहिलीत?"

"होय सर."

अर्ध्या मिनिटात माझी साक्ष संपली. पुढे कानावर आलं ते असं, की समुद्रावर ऊन चमकत होतं, वैमानिक खाली उतरत होता, उंचीचा अंदाज चुकला. वैमानिकाची चूक. यंत्रात दोष असल्याचा पुरावा नाही. नव्हताच पुरावा, कारण शेपूट समुद्राच्या तळाशी आणि पिनेला माझी साक्ष.

हे सगळं मी लेखात लिहिलं. जोडीदाराने पिन लावली नाही असं एका अक्षराने लिहिलं नाही, कारण ते मला माहीत नाही. मला फक्त एवढंच माहीत आहे, की मी बघितली नाही आणि बघितली म्हणून सांगितलं. तेवढं एक पान.

लेख पाठवल्यावर तीन दिवसांनी त्याचा फोन आला, घरी ये. मी कल्याणला गेलो. त्याने बायकोला आतल्या खोलीत पाठवलं, दार लोटलं आणि ते पान माझ्यासमोर धरलं.

"हे कशाला घातलंस?"

"घडलं म्हणून."

"काय घडलं? पिन मी लावलेली. ह्या हाताने. पाय दुमडलेले. आजपण डोळे मिटले ना, तर दिसते मला."

"मी कुठे म्हणतोय लावली नाहीस? मी म्हणतोय मी बघितली नाही."

"तेच झालं ना मग! वाचणारा काय समजणार? ह्याने लावली नाय, त्याने बघितली नाय, दोन माणसं गेली."

"समजू दे."

"तुझं काय जातंय बोलायला? तू मोकळा होणार आणि मी लटकणार. माझे नातू वाचणार हे. आता ह्या वयात?"

"आणि त्या वैमानिकाचं काय?"

"तो गेला रे. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

मी त्याला नको ते बोललो. तोही मला बोलला. तरी मला वाटलं होतं, फार तर तो ते पान गाळेल. लेख अपुरा राहील, एवढंच.

मेळाव्याच्या दिवशी ठाण्याच्या हॉलमध्ये स्मरणिका हातात पडली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर समुद्र. माझा लेख काढून मी मधलं पान शोधलं. पान गाळलेलंच होतं आणि त्या जागी एक वाक्य होतं. 'या दुर्दैवी अपघातास वैमानिकाच्या निर्णयातील चूक कारणीभूत ठरली.' खाली माझं नाव. फोटोसकट.

मी हॉलच्या बाहेर येऊन त्याला फोन लावला. तो आत, स्टेजच्या बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता, मला काचेतून दिसत होता. "अरे, ऑफिशियल रिपोर्टमध्ये तेच आहे ना? मी काय खोटं छापलं सांग."

त्याने खोटं छापलं नव्हतं. अहवालात ते वाक्य होतंच, आणि ते तिथे गेलं ते माझ्या 'होय सर'मुळे. मी फोन बंद केला आणि जेवण न घेता डोंबिवलीला परत आलो.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत क्लार्क होती, तिला कागदांची समज माझ्यापेक्षा जास्त. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्या बाकावरच्या लोकांवर तुम्ही उगाच ओरडता. पायलटची चूक असं आधी तुम्हीच म्हणालात." मला संताप आला, पण तो तिच्यावर काढायची सोय नव्हती.

मी नौदलाच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. माझी साक्ष चुकीची होती, ती बदलायची आहे, अहवालाची प्रत मिळावी. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की त्या काळातले कागद आता त्यांच्याकडे उपलब्ध नाहीत, तरी क्षमस्व. मी पुन्हा लिहिलं, की कागद नसतील तर माझं हे पत्रच नोंदवून घ्या. त्याचं उत्तर आलं नाही. खरं सांगायला तयार असलेला माणूस समोर उभा आहे आणि त्याला रांगेतसुद्धा कोणी घेत नाही, याची चीड मी शब्दांत सांगू शकत नाही. आणि लगेच दुसरी चीड, की चौतीस वर्षं रांग मोकळी होती तेव्हा हा माणूस कुठे होता.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. शांत, शुद्ध आवाज. "स्मरणिकेतला अपघातांवरचा लेख आपला का? मी त्या वैमानिकाची बहीण बोलतेय. आपण ठाण्याला येऊ शकाल का?" स्मरणिकेच्या प्रती गेलेल्यांच्या घरी पाठवल्या होत्या. आमच्या लोकांचा सन्मान करायचा प्रकार.

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत त्या राहतात. कॉलेजात शिकवत होत्या, आता निवृत्त. एकट्या. स्मरणिका टेबलावर होती, माझं पान उघडलेलं. त्यांनी बसा म्हटलं आणि त्या वाक्याखाली बोट ठेवलं.

"हे वाक्य आपलं आहे?"

"नाही."

"मग आपलं वाक्य काय होतं?"

मी मूळ पानाची झेरॉक्स नेली होती ती दिली. त्यांनी चष्मा बदलून ती वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी खिडकीकडे बघत बसलो. ओरडतील, रडतील, बाहेर काढतील, मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो.

"म्हणजे पिन नव्हती?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे चूक माझ्या भावाची असूही शकते."

"असू शकते. पण चौकशी मंडळाने पिनेचा विचार सोडून दिला तो माझ्या साक्षीवर. मी नाही म्हटलं असतं तर कदाचित शेपूट शोधलं असतं."

"कदाचित," त्या म्हणाल्या. मग वडिलांबद्दल बोलायला लागल्या.

वडील ठाण्याच्या कोर्टात नोकरीला होते. उभं आयुष्य निकालाच्या प्रती तयार करण्यात गेलेलं. एक अधिकारी घरी येऊन चौकशीचा निष्कर्ष सांगून गेला तेव्हा आई म्हणाली, आपला मुलगा असा नाही. वडील म्हणाले, निकाल लागला, आता आपण कोण बोलणार. त्यांनी तो मानला. आणि मानला म्हणूनच महिन्याभराने एका दुपारी ते एकटे उठून कल्याणला गेले, तिथून त्या खाडीकाठच्या गावात गेले आणि मुलाबरोबर मेलेल्या पोराचं घर शोधून काढलं. त्या पोराच्या आईसमोर हात जोडून म्हणाले, की माझ्या मुलाच्या चुकीने तुमचा मुलगा गेला, आम्हाला माफ करा.

मी त्या महिन्यात सुट्टी घेऊन घरी आलो होतो, माझ्या साखरपुड्याची बोलणी करायला. मी कल्याणवरून आलो-गेलो होतो.

"परत आले तेव्हा संध्याकाळ झाली होती," त्या म्हणाल्या. "आई विचारत राहिली, काय झालं तिथे. एवढंच बोलले, त्या बाईंचं काही चुकलं नाही. त्यानंतर अकरा वर्षं जगले. भावाचा विषय त्यांनी घरात कधी काढला नाही. त्याचा फोटोही त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही."

मी म्हणालो, मला माफ करा.

"मला सांगून काही उपयोग नाही हो," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मी त्याला दोषी मानलंच नव्हतं कधी. आपण चौतीस वर्षांनी येऊन माझ्यासमोर मोकळे होताय. ज्या बाईला माझे वडील सांगून आले, ती आहे अजून. मी चौकशी केली आहे. ती आजही माझ्या भावालाच शाप देत असेल. तिला जाऊन सांगा. माझ्या वडिलांनी जे सांगितलं, ते खोडून या."

घरी आल्यावर मी जोडीदाराला फोन केला. भांडणानंतर पहिल्यांदा. म्हटलं, जातोय, चल बरोबर. "मी नाय येणार रे," तो म्हणाला. "पण तू जा. आणि तिला सांग, पिन लावलेली. एवढं नक्की सांग." त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसासारखा येत होता.

कल्याणहून रिक्षा केली. पूर्वी त्या पोराबरोबर एकदा या गावात आलो होतो तेव्हा दोन्ही बाजूंना शेतं आणि पलीकडे मिठागरं होती. आता टॉवर उभे आहेत, सेल्सच्या पाट्या आहेत, रिक्षावाल्याला गाव सापडेना. घर सापडलं ते दुमजली, संगमरवरी पायऱ्यांचं, दारात गाडी. भाऊबंदांनी जमीन बिल्डरला दिलेली. म्हातारी मात्र ओट्यावर खाली बसून सुपात जवळ्याची सुकी मासळी निवडत होती. आतल्या भिंतीवर त्या पोराचा गणवेशातला फोटो, ताजा हार घातलेला.

मी म्हटलं, मावशी, मी त्याच्याबरोबर नोकरीला होतो. तिने मला ओळखलं नाही, पण बसायला सांगितलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं. पिन म्हणजे काय ते बोटाने दाखवून सांगितलं. कल्याणचा जोडीदार म्हणतो की त्याने ती लावली होती, हे सांगितलं. मी चढून बघितलं नाही आणि साहेबांसमोर बघितली म्हणून सांगितलं, हे सांगितलं. म्हणून दोष त्या ठाण्याच्या वैमानिकावर गेला. तो चुकला होता की नाही हे कोणालाच माहीत नाही, आता कधी कळणारही नाही.

तिचे हात सुपात थांबले होते.

"तुमी बगला नाय," ती म्हणाली.

"नाही."

"न बगता सांगला."

"हो."

मला वाटलं आता सूप माझ्या अंगावर येईल. आलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. पायऱ्यांखालच्या फरशीकडे बघत होती, जिथे आता गाडी उभी होती.

"त्यो आयला व्हता," ती म्हणाली. "त्या सायबाचा बाप. मे म्हैना व्हता. तवा हितं आंगन व्हता, आंगनान उभा ऱ्हायला, उनान. हात जोडून रडत व्हता. मी त्याला बस पन नाय बोलले. घामान पार भिजला व्हता. पानी मांगला त्यानी. मी नाय दिला. घरान कोनाला देऊ पन नाय दिला. बोलले, जा, तुज्या पोरानी माजा पोर मारला." ती थांबली. "हाय का त्यो?"

"नाहीत. गेले ते."

"कवा?"

"खूप वर्षं झाली, मावशी."

तिने तोंडाला पदर लावला. मी इतकी वर्षं मनात जे घोळवत आलो त्यात हे कधीच नव्हतं. मला वाटायचं, खरं सांगितलं की कुणाच्या तरी डोक्यावरचं ओझं उतरेल. मी तिच्या डोक्यावर नवं ठेवलं होतं आणि ते उतरवणारा माणूस तेवीस वर्षांपूर्वी गेला होता. मी काहीतरी बोलायला लागलो, की तुमचा दोष नाही, तुम्हाला काय माहीत होतं. तिने हाताने मला गप्प केलं.

मग तिने आत वळून सुनेला हाक मारली, पानी आन गो. सुनेने तांब्या आणि पेला आणून ठेवला. म्हातारीने स्वतः पेला भरला आणि माझ्यासमोर धरला. थोडं पाणी फरशीवर सांडलं.

मी म्हटलं, नको मावशी.

"पी," ती म्हणाली, आणि मी पेला संपवेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.